चाकाच्या खुर्चीचं नूतनीकरण

खापरखेड्याची एक बाई एका उन्हाळ्यात सव्वीस दिवस टिनाच्या छपराखाली पडून राहिली, आणि तिला तिथं पाडून ठेवणारं पत्र माझ्या हस्ताक्षरात होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी बऱ्याच लोकांची टिंगल करणार आहे, तेव्हा मी त्या सगळ्यात कुठंतरी कडेला उभी होते असं कुणाला वाटायला नको.

आमची एक संस्था होती. अजूनही असावी, कारण असल्या संस्था मरत नाहीत, त्यांच्या पाटीचा नुसता रंग उडतो. सदरमध्ये एका औषधाच्या दुकानामागं दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत टेबल आणि दोन बाकं, मागच्या खोलीत आजारी माणसाला लागणारं सामान. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, बेडपॅन, वॉकर, एक पाण्याची गादी. ज्याला गरज असेल त्यानं रजिस्टरात नाव-पत्ता लिहून वस्तू न्यावी, काम झालं की आणून द्यावी. फुकट. सत्तरीच्या दशकात नागपुरात चाकाची खुर्ची विकत घेणं म्हणजे चेष्टा नव्हती, त्यामुळं लोक दुवा देत. काम इतकं साधं होतं की त्यात कुणालाही काही बिघडवायला वाव नाही असं मला वाटायचं.

चिटणीस वकील होते. अध्यक्ष कुठल्याशा सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते आणि अजून पुरते निवृत्त व्हायचे होते. मी सहचिटणीस. चिटणिसांनी जे करायचं ठरवलं ते करणारी ती सहचिटणीस, अशी त्या पदाची व्याख्या होती. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत असे, माझं अक्षर वळणदार होतं आणि मला उन्हाळ्यात दोन महिने सुट्टी असे. या तीन गुणांवर माझी निवड बिनविरोध झाली होती.

नागपूरचा उन्हाळा नागपूरकराला समजावून सांगावा लागत नाही आणि दुसऱ्याला सांगून पटत नाही. सकाळी दहाच्या आत सगळं उरकायचं, मग दारं-खिडक्या लावून, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून किंवा कूलर लावून अंधारात पडायचं. बाहेर पडायची वेळ आलीच तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. साहजिकच एप्रिल संपला की आमच्या संस्थेच्या दारात कुणी फिरकत नसे. यावरून चिटणिसांनी असा निष्कर्ष काढला की नागपुरात उन्हाळ्यात माणसं आजारी पडत नाहीत.

कोर्टाला सुट्टी लागली होती. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं त्यांनी मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या घरी सभा बोलावली. सकाळी आठला. कैरीचं पन्हं होतं, आणि ते उत्तम होतं हे मी कबूल करते.

"दरवर्षी आपला उन्हाळा वाया जाऊन राहिला," चिटणीस म्हणाले. "लोक नाहीत, काम नाही. हाच वेळ आहे संस्था नव्यानं उभी करायचा."

मग त्यांनी कागद वाचून दाखवला. घटनेत दुरुस्ती. नवी पाटी. नवा रबरी शिक्का, कारण जुन्या शिक्क्यावर 'नागपूर'मधला 'ग' झिजला होता. नवं रजिस्टर. आणि शेवटचा, सगळ्यात मोठा ठराव असा की लोकांकडे गेलेलं एकूण एक साहित्य परत मागवायचं, तपासायचं, दुरुस्त करायचं, रंगवायचं, त्यावर क्रमांक टाकायचे आणि मग समारंभानं पुन्हा वाटायचं.

"ते लोक वापरत असतील ना पण," मी म्हटलं.

"पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे," अध्यक्ष म्हणाले. "आणि सध्या सीझन नाही." त्यांचं त्याच रात्रीचं पचमढीचं सामान बांधून झालं होतं, त्यामुळं त्यांच्या दृष्टीनं खरोखरच सीझन नव्हता.

ठराव एकमतानं मंजूर झाला. त्या मतांत माझंही होतं. मी आणखी अर्धा पेला पन्हं घेतलं आणि पत्राचा मसुदा करायला बसले.

आमच्या घरी त्या दिवसांत सासूबाईंची उन्हाळी कामं जोरात होती. गच्चीवर कुरडया, पापड, शेवया. मला वाटलं, संस्थेचंही हे एक उन्हाळकामच आहे, वर्षाची बेगमी. शिवाय मला पत्र लिहायला आवडायचं. शाळेत माझ्या वाट्याला रजेचे अर्ज कसे लिहावेत एवढंच येई, आणि इथं माझं पत्र माझ्याच अक्षरात छापून शहरभर जाणार होतं. मी सुरुवातीला नमस्कार घातला, मग साहित्य कशासाठी परत मागवत आहोत ते दोन ओळींत समजावलं. चिटणिसांनी त्या दोन ओळींवर लाल पेन्सिल फिरवली.

"कारण द्यायचं नाही," ते म्हणाले. "कारण दिलं की माणूस वाद घालतो. तारीख द्यायची."

वकिलीचा तीस वर्षांचा अनुभव बोलत होता. मी कारण काढलं, दहा तारीख घातली, आणि जागा उरली म्हणून शेवटचं वाक्य माझ्या पदरचं लिहिलं: "विहित मुदतीत साहित्य जमा न केल्यास भविष्यात संस्थेच्या कोणत्याही सोयीचा लाभ आपणांस मिळणार नाही." हे वाक्य मी घरी दोनदा मोठ्यानं वाचलं. 'विहित' शब्दावर मी विशेष खूश होते.

पत्रं गेली, आणि नागपूरनं त्या विहित मुदतीला भीक घातली नाही. दहा तारीख दोन दिवसांवर आली तरी मागच्या खोलीत एक कुबडीसुद्धा परत आली नव्हती. मग सहचिटणीस या नात्यानं मी सकाळी सकाळी पिशवी आणि रजिस्टर घेऊन जवळपासच्या घरी जायला लागले. एका घरी आमचा वॉकर अंगणात उभा होता आणि त्यावर टॉवेल वाळत होते. एका घरी कुबडी पपईच्या झाडाला टेकू म्हणून लावली होती, आणि झाडाला पपया चांगल्या धरल्या होत्या हेही खरं. पाण्याची गादी नणंदेकडे अमरावतीला गेली होती. धंतोलीत एका प्रशस्त बंगल्यात ज्या आजोबांसाठी चाकाची खुर्ची नेली होती ते दोन वर्षांपूर्वीच वारले होते. खुर्चीवर आता कूलर ठेवलेला होता.

"या खोलीतून त्या खोलीत न्यायला फार सोयीचं पडतं," घरातल्या बाई म्हणाल्या. "देऊ ना. एवढा उन्हाळा जाऊ द्या."

त्या कूलरची हवा मात्र फार गार लागली. मी तिथं बसून सरबत प्यायले आणि रजिस्टरात 'सावकाश देणार' असं लिहिलं.

अखेर दहा तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास, एक म्हातारा माणूस रिकामी चाकाची खुर्ची ढकलत आमच्या दारात आला. मी पंख्याखाली नव्या रजिस्टराच्या रेघा आखत बसले होते. त्याच्या डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेला होता आणि पायातल्या चपला रस्त्याच्या डांबरानं माखल्या होत्या.

"संस्था हेच हाये का जी?" त्यानं विचारलं. "हे घ्या बाई. तुमचं पत्र आलं होतं. दहा तारीख लिवली होती."

तो खापरखेड्याहून आला होता. पॉवर हाऊसमध्ये खलाशी म्हणून, म्हणजे यंत्रांवरचा मदतनीस म्हणून, उभी हयात काढून निवृत्त झालेला. क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा कॉलनीच्या मागं दोन खोल्या बांधल्या होत्या. खुर्ची त्यानं एस.टी.च्या टपावर चढवून आणली होती आणि छिंदवाडा रोडवर उतरून तिथून उन्हात ढकलत आणली होती. मी माठातलं पाणी दिलं. तीन पेले तो एका दमात प्यायला.

"पेशंट बरे झाले का?" मी विचारलं. रजिस्टरात तसा रकाना होता.

"नाही जी. थे आता कुठची बरी होते. माही बायको हाये. कमरेखालून गेली, चार वर्ष झाले." त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "घरावर टीन हाये ना, दुपारी लय तापते. मी तिले खुर्चीवर बसवून निंबाखाली नेत होतो. दिवस बुडेपर्यंत थे तिथंच राहे. आता उचलून नेनं माह्यानं होत नाही. परत कधी भेटन जी?"

"पंधरा दिवसांत," मी म्हटलं.

"पंधरा दिवस काढून घेऊ," तो म्हणाला.

हे सगळं मी ऐकलं. टिन, निंब, दिवस बुडेपर्यंत, सगळं. आणि ऐकून मी काय केलं, तर नव्या शिक्क्याची पावती फाडून दिली आणि त्याला शाबासकी दिली. एवढ्या लोकांत तुम्हीच एकटे नियमानं वागलात, असं मी त्याला म्हटलं. वर्गात गृहपाठ वेळेवर आणणाऱ्या मुलीला म्हणते त्या आवाजात. तो जरा हसला, पावती घडी करून खिशात कांद्याशेजारी ठेवली आणि परत उन्हात गेला. त्याच वेळी मी ती खुर्ची त्याच्या हाती परत दिली असती तर ही आठवण मला लिहावीच लागली नसती.

आता संस्थेकडं नूतनीकरणासाठी एकुलती एक वस्तू होती, आणि सगळ्या समितीनं तिच्यावर झडप घातली. चिटणिसांना इतका आनंद झाला की त्यांनी भर दुपारी कार्यालयात येऊन खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या. खुर्चीला काही झालेलं नव्हतं. म्हाताऱ्यानं चाकांना तेल घातलेलं होतं, बसायच्या जागी आईच्या हातची वाटावी अशी गोधडीची घडी शिवलेली होती. ती घडी उसवण्यात आली, कारण ती नियमात बसत नव्हती. पेंटर आला. त्यानं आकाशी रंग सुचवला. चिटणिसांना हिरवा हवा होता. अध्यक्षांचं मत मागवायला पचमढीला कार्ड टाकण्यात आलं. उत्तर यायला आठ दिवस लागले आणि उत्तरात 'आकाशी' एवढाच शब्द होता, बाकी सगळं कार्ड तिथल्या हवेबद्दल होतं.

नागपूरच्या मेमध्ये ऑइल पेंट तासाभरात वाळतो. तो वाळल्यावर पाठीवर मोठ्या अक्षरांत संस्थेचं संपूर्ण नाव आलं, त्याखाली 'नूतनीकृत' आणि त्याखाली क्रमांक १. क्रमांक २ कुठं आहे ते आम्हाला ठाऊक होतं. त्याच्यावर कूलर होता.

बरोबर पंधराव्या दिवशी म्हातारा परत आला. नवतपा लागला होता. रोहिणीतले ते नऊ दिवस नागपूरकर दरवर्षी जगून वाचून काढतो. चिटणीस त्या दिवशी कार्यालयातच होते. त्यांनी त्याला बाकावर बसवलं, खुर्ची बाहेर आणून दाखवली.

"बाबा, तुम्ही आमचे आदर्श लाभार्थी," ते म्हणाले. "तुमची खुर्ची सगळ्यात आधी तयार झाली. आता अध्यक्षसाहेब पचमढीहून आले की त्यांच्या हस्ते समारंभात तुम्हालाच देऊ. फोटो पण निघेल."

"थे कधी येतीन जी?"

"हवा बदलली की."

म्हातारा खुर्चीकडं बघत होता. "फोटो नाही निंघाला तरी चालन साहेब. मी आजच नेतो. घरात बसवत नाही जी. थे तं पडूनच राहते."

"अहो, अशी मधूनच दिली तर समारंभ कशाचा करायचा?" चिटणीस म्हणाले. ते हे रागानं म्हणाले नाहीत. त्यांना खरोखर अडचण पडली होती आणि ती त्यांनी मोकळ्या मनानं त्याच्यापुढं मांडली. माणूस वाईट नव्हता तो, अशिलांच्या बाबतीत तर फारच चांगला होता म्हणतात.

मी म्हाताऱ्याबरोबर दारापर्यंत गेले. "मी बघते," मी म्हटलं. त्यानं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला की नाही ते काही कळलं नाही.

मी बघितलं ते असं: पुढच्या सभेत विषय काढला. इतिवृत्तात नोंद झाली, "सहचिटणिसांनी सूचना मांडली. सूचनेवर विचार झाला." हे इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. सूचना कोणती ते लिहायला चिटणिसांनी सांगितलं नाही आणि मीही लिहिलं नाही. मग घरी शेवया होत्या, दोन लग्नं होती, भाच्याची मुंज होती. दुपारी कूलरसमोर पडलं की खापरखेडं फार लांब वाटायचं. मी मनाशी म्हणायचे, ओली गोणपाटं टाकत असतील छपरावर, शेजारीपाजारी असतीलच की. दुसऱ्याच्या शेजाऱ्यांवर माझा फार विश्वास होता.

जून लागला. अध्यक्षांचं पत्र आलं की ते आठवड्याभरात येत आहेत. समारंभाची निमंत्रणं लिहायचं काम अर्थातच वळणदार अक्षराकडं आलं. पुढच्या खोलीत पाटीवाला नव्या पाटीला वार्निश मारत होता, त्या वासानं डोकं दुखायला लागलं, म्हणून मी निमंत्रणांचा गठ्ठा घेऊन मागच्या खोलीत गेले. तिथं बसायला एकच जागा होती. क्रमांक १. मी त्या खुर्चीत बसले, मांडीवर रजिस्टर घेतलं आणि लिहायला लागले.

मागच्या खोलीवर टिन होतं. इतकी वर्षं मी त्या खोलीत जात होते, पण कधी दोन मिनिटांच्या वर थांबले नव्हते. अकराच्या सुमारास लाइट गेली. पंखा थांबला. पहिली पाच मिनिटं मी लिहीत राहिले. मग मनगटाचा घाम शाईवर पडायला लागला, 'सस्नेह'मधला 'स्ने' पसरला. डोक्यावरचं टिन मधूनमधून टक् टक् वाजत होतं. श्वास घेतला की आत गरम वाफ जायची. मी घड्याळ बघितलं तेव्हा पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. उठून बाहेर जावं म्हणून मी पाय खाली टेकवले आणि माझ्या लक्षात आलं की मला ते टेकवता येतात.

त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की ती आधी रागासारखी वर आली. मी निमंत्रणं तिथंच टाकली. इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, "खुर्ची क्रमांक १ लाभार्थीस वाटप केली. सहचिटणीस." खाली सही केली. पाटीवाल्याला सांगितलं की मी बाहेर जातेय, आणि खुर्ची ढकलत छिंदवाडा रोडला लागले. पुढं चिटणिसांनी मला खुलासा मागणारं जे पत्र दिलं त्यात 'विहित' हा शब्द दोनदा होता. चांगला शब्द पटकन पसरतो. समारंभ झाला, त्यात पाटीचं अनावरण झालं आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. वार्षिक अहवालात 'उन्हाळ्याचा विधायक उपयोग' असं एक पानभर प्रकरण आहे. मी तोवर राजीनामा दिला होता आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट अक्षरातला कागद होता.

एस.टी.च्या टपावर खुर्ची चढवताना कंडक्टरनं विचारलं, "कोन बिमार हाये बाई?" मी तिकिटाचे पैसे काढून दिले.

खापरखेड्याला उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजत होते. पॉवर हाऊसची धुराडी समोर दिसत होती. चहाच्या टपरीवर विचारलं तर तिथल्या माणसानं आकाशी खुर्चीकडं पाहून काही न विचारताच कॉलनीच्या मागचा रस्ता दाखवला. निंबाचं झाड लांबूनच दिसलं. मोठं, गर्द झाड होतं, खाली चांगली पसरट सावली पडली होती आणि त्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं. घराचं दार तिथून फार तर तीस पावलांवर होतं.

म्हातारा नळावरून बादली घेऊन येत होता. मला पाहून त्यानं बादली खाली ठेवली. खुर्चीच्या पाठीवरचं नाव त्यानं पुन्हा एकदा वाचलं, मग डोक्याचा दुपट्टा सोडला आणि खुर्चीच्या पाठीवर असा टाकला की अक्षरं पूर्ण झाकली गेली.

"बाई, एक बोलू का?" तो हळू आवाजात म्हणाला. "तिले थ्या समारंभाचं काही सांगू नका जी."

"बरं," मी म्हटलं. "पण का?"

"तुमच्या पत्रात खुर्ची काहून पायजे ते लिवलं नव्हतं ना. मी तं देत नव्हतो. म्हनलं, बाकीचे कुठी देते? पन तिनंच पत्र वाचलं अन् म्हने, कोनाले तरी आपल्याहून जास्त गरज लागली असन, म्हनून मांगून राहिले, नेऊन द्या. मंग मी दुसऱ्या खेपेले आलो अन् तुमचा रंग पाह्यला. घरी येऊन तिले का सांगू? सांगतलं का थ्या बाईले आनखी लागते म्हनून."

"कुठल्या बाईला?"

"बाईच सांगतली मी," तो खाली बघत म्हणाला. "पाय मोडला म्हनलं. लहान लेकरं हायेत म्हनलं. रोज विचारे ना थे, मंग का सांगू?"

आत गेल्यावर आधी डोळ्यांना काही दिसलं नाही, नुसती धग लागली. छपरावर ओली पोती टाकलेली होती, त्यांचा वास कोंदला होता. बाजेवर एक अंगानं भरलेली बाई कुशीवर पडली होती, अंगावर ओलं लुगडं टाकलेलं. पाठीवर घामोळ्या फुटून मोठे लाल चट्टे झाले होते आणि कमरेजवळ एका जागी कातडी गेलेली होती, तिथं हळद लावली होती. उठून बसता येत नाही म्हणून तिनं माझ्याकडं पाहून दिलगिरीनं हात जोडले.

शेजारची एक बाई आली. आम्ही तिघांनी मिळून तिला उचललं, तेव्हा तिचा नवरा कुठं हात घालायचा, कुठं दुखतं ते आम्हाला सांगत होता. ती एकदाच कण्हली. खुर्चीत बसल्यावर तिनं दोन्ही हातांनी चाकं धरली, आणि नवऱ्यानं ढकलायच्या आधी स्वतःच दारापर्यंत नेली. ते तीस पावलांचं अंतर जायला दोन मिनिटं लागली असतील. कुत्रं उठून बाजूला झालं.

निंबाखाली वारा होता. गरमच होता, पण वारा होता. तिनं डोळे मिटून घेतले. मी शेजारी दगडावर बसले. आपण आता उठून जावं असं मला फार वाटत होतं.

"थ्या बाईचा पाय जुळला का जी?" तिनं डोळे उघडून विचारलं.

तिचा नवरा माझ्या मागं उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. "जुळला," मी म्हटलं. "चालते आता."

"लेकरं लहान हायेत म्हनत होते हे."

"हो. लहान आहेत."

"मंग बरं झालं. लेकरंवालीनं पडून राहनं लय वाईट." तिनं खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवली. आकाशी रंग तिच्या बोटांखाली चकचकत होता. "रंग बी देऊन धाडली. दुसऱ्याची वस्तू रंगवून परत करनारे मानसं आता कुठी राहते. तिले सांगजा, लय चांगला रंग दिला म्हना."

"सांगते," मी म्हटलं.

नवरा पाणी आणायला घराकडं गेला. ती त्याच्याकडं पाहत राहिली, आणि तो दारात शिरल्यावर माझ्याकडं वळून आवाज खाली करून म्हणाली, "अन् बाई, थे हिंडते-फिरते म्हनता, पन मोडलेला पाय हाये. आनखी दुखला तिचा, तं लाजू नका, घेऊन जाजा खुर्ची. ह्यायले मी सांगीन समजावून. आता मिरगाचं पानी येनच आठ दिवसांत, पानी आलं का टीन थंडं होते."

"तिला आता लागणार नाही," मी म्हटलं.